हुन्नर आहे, परवाना आहे?

आमच्या गृहनिर्माण संस्थेत काही वर्षांपूर्वी पाण्याच्या पंपासाठी नवी वीजजोडणी घ्यावयाची होती. सुमारे दहा दिवस एक वायरमन एकटेच मीटरच्या खोलीत काम करीत होते. जुनी ॲल्युमिनियमची तार काढून तांब्याची घालणे, भूसंपर्कनासाठी खड्डा खणून घेणे, पॅनेलमधील प्रत्येक जोड दोनदा घट्ट करणे, हे सारे त्यांनी विलक्षण नेटकेपणाने केले. अखेरच्या दिवशी दुपारी ठेकेदार आले, खोलीच्या दारातूनच आत डोकावले, चाचणी अहवालावर सही-शिक्का केला आणि पाच मिनिटांत निघून गेले. संस्थेच्या हिशेबात त्या सहीची रक्कम वायरमनच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी होती. मी सहज विचारले, ‘‘सही तुम्हीच का करत नाही?’’ ते हसून म्हणाले, ‘‘साहेब, हात माझा, परवाना त्यांचा.’’

सोळा वर्षे हे काम करणाऱ्या त्या गृहस्थांकडे तारतंत्रीचा परवाना नव्हता. आयटीआय त्यांनी केले होते, प्रमाणपत्रही घरी जपून ठेवले होते. ‘तेवढे असले की झाले’, असे त्यांना त्या वेळी कोणी तरी सांगितले होते. दहावीनंतर मुलाला किंवा मुलीला तांत्रिक शिक्षणाकडे पाठवू पाहणाऱ्या शहरी पालकांपैकीही अनेकांची समजूत आज याहून फारशी वेगळी नाही.

कायद्याची भूमिका मात्र स्पष्ट आहे. वीजसंच मांडणीचे काम कोणी करावे, हे पूर्वी भारतीय वीज नियम १९५६ यांनी ठरवून दिले होते. त्यांची जागा २०१० साली केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनी घेतली आणि २०२३ साली ते विनियमही नव्याने जारी झाले. मूळ तत्त्व तेच राहिले. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलणे यांसारखी किरकोळ कामे वगळली, तर ग्राहकाच्या जागेतील कोणतीही नवी मांडणी, वाढ वा फेरफार राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करावयाचा; त्यावर सक्षमता प्रमाणपत्र धारण करणाऱ्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावयाची; आणि हत्यार ज्याच्या हाती आहे, त्याच्याकडेही स्वतःचा परवाना असावयाचा. म्हणजे एका कामामागे तीन अधिकृत माणसे. आमच्या मीटरच्या खोलीत त्यांपैकी एकच होता, तोही पाच मिनिटांपुरता. काम करणारा माणूस कुशल होता, हे आमचे नशीब.

कुशल व्यवसायात शिरणाऱ्याने म्हणूनच आरंभीच एक भेद नीट समजून घ्यायला हवा. ‘मी शिकलो’ हे सांगणारा कागद वेगळा, ‘मला हे काम करण्याचा अधिकार आहे’ हे सांगणारा वेगळा आणि ‘आज माझा हात परीक्षेत उतरला आहे’ हे सांगणारा त्याहून वेगळा. पहिला प्रशिक्षण संस्थेतून मिळतो, दुसरा शासनाच्या परवाना यंत्रणेकडून, तर तिसरा प्रत्यक्ष कामाच्या कसोटीतून. सर्वच व्यवसायांत तिन्हींची गरज पडते असे नाही. पण कोणत्या व्यवसायात कोणता लागतो, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांचे उमेदीचे आयुष्य ‘मदतनीस’ या शब्दाखाली निघून जाते.

प्रशिक्षणाचा कागद

देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली आणि तिच्या परीक्षा व प्रमाणपत्रांसाठी १९५६ साली राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषद, म्हणजेच एनसीव्हीटी, स्थापन झाली. पुढे २०१८ साली अधिसूचित झालेल्या नव्या राष्ट्रीय परिषदेत (एनसीव्हीईटी) तिचे नियामक काम सामावले गेले. तरीही नोकरीच्या जाहिरातींत आणि बोलण्यात ‘एनसीव्हीटी’ हेच नाव अजून रूढ आहे. आयटीआयची अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी, ते हेच.

महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि खासगी संस्था त्याहून अधिक. शासकीय दप्तरात या व्यवसायांची नावे मोठी देखणी आहेत: वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, संधाता, यंत्रकारागीर, नळ कारागीर. प्रत्यक्षात संस्थेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच जोडाऱ्याचा फिटर होतो आणि संधात्याचा वेल्डर. प्रवेशाचा अर्ज भरताना मात्र ही नावे ओळखीची असलेली बरी; ‘संधाता’ म्हणजे काय हे न कळल्याने पसंतीक्रम चुकल्याची उदाहरणे घडतात. वीजतंत्री, तारतंत्री आणि जोडारी हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर संधाता व नळ कारागीर हे एक वर्षाचे आहेत. वीजतंत्रीसाठी विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. दहावीत अपयश आलेल्यांनाही तारतंत्री, संधाता यांसारख्या व्यवसायांची दारे बंद नाहीत. प्रवेशप्रक्रिया राज्यभर एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने चालते. मुलींसाठी राखीव जागा असतात. वीजतंत्री व इलेक्ट्रॉनिक्सच्या तुकड्यांत त्यांचा लाभ आणखी मुलींनी घ्यायला हवा.

खासगी संस्थेत प्रवेश घेताना एक चौकशी अवश्य करावी. केवळ संस्था मान्यताप्राप्त असून भागत नाही; आपण ज्या व्यवसायाच्या ज्या तुकडीत बसणार, त्या तुकडीला केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालयाची संलग्नता आहे का, हे पाहावे लागते. माहितीपत्रकावरील रंगीत शिक्क्यांवर विसंबू नये. प्रमाणपत्रे आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळतात आणि संकेतस्थळावर त्यांची पडताळणी होते, त्यामुळे खोट्या कागदावर नोकरी टिकणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम ही आणखी वेगळी गोष्ट. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून २०१५ पासून असे अनेक अभ्यासक्रम चालविले गेले. अनुभवी पण प्रमाणपत्र नसलेल्या कारागिरांसाठी ‘पूर्वप्राप्त कौशल्याची मान्यता’ ही सोयही त्यातच आहे. नोकरीच्या मुलाखतीत हे कागद उपयोगी पडतात, यात शंका नाही. तथापि, ते दोन वर्षांच्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राच्या बरोबरीचे नव्हेत आणि त्यांच्या आधारे आपोआप तारतंत्रीचा परवानाही मिळत नाही. प्रवेश देणाऱ्या खासगी केंद्रांत हा फरक अनेकदा जाणूनबुजून झाकून ठेवला जातो, असे माझे मत आहे.

शिकाऊ उमेदवारी: एक दुर्लक्षित वर्ष

आयटीआय संपल्यावर पुढचे पाऊल म्हणजे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील प्रशिक्षण. वीजतंत्रीसारख्या व्यवसायात आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराला साधारण एक वर्ष एखाद्या आस्थापनेत काम करून परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, अर्थात एनएसी, मिळते. तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला आपल्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे २०१९ च्या सुधारित नियमांनी बंधनकारक केले. त्याच नियमांनी किमान विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार महिना पाच ते नऊ हजार रुपये ठरविले. त्यात वाढ करण्याची शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने २०२५ साली केली.

येथेच बरीच मुले वाट सोडतात. ओळखीच्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर गेले तर विद्यावेतनापेक्षा जास्त पैसे हाती पडतात आणि घरची निकड थांबायला तयार नसते. हे समजण्यासारखे आहे. पण त्या एका वर्षाची किंमत पुढे कळते. रेल्वेने आपल्या प्रथम स्तरावरील भरतीत रेल्वे आस्थापनांतून शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी वीस टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. शिवाय हे एक वर्ष म्हणजे ज्याची नोंद सरकारदरबारी आहे, असा अनुभव. परवान्याच्या अर्जाला नेमकी तीच नोंद उपयोगी पडते. रोजंदारीवरील पाच वर्षांचा अनुभव खरा असतो. तो सिद्ध करता येत नाही, एवढेच.

परवान्याचा कागद

महाराष्ट्रात वीजकामाचे परवाने राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेशी संलग्न असलेल्या अनुज्ञापक मंडळामार्फत दिले जातात. त्याची उतरंड तीन पायऱ्यांची आहे: तारतंत्रीचा परवाना, पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र आणि ठेकेदाराचा परवाना. पात्रता शिक्षण व अनुभव यांवर ठरते. मान्यताप्राप्त शिक्षण आणि ठरलेला अनुभव असणाऱ्यांना परीक्षेतून सूट मिळण्याची तरतूद आहे. इतरांना मंडळाची परीक्षा द्यावी लागते. पर्यवेक्षकासाठी विद्युत अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी असलेल्यांचा मार्ग तुलनेने सरळ असतो. अटी व शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात चौकशी करणे श्रेयस्कर. परवाना कायमचा नसतो, मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. ते विसरून परवाना गमावणारेही पुष्कळ.

परीक्षेचा अभ्यास अवघड नाही, मात्र कामाच्या सवयीने येणाऱ्या ज्ञानापेक्षा तो थोडा वेगळा आहे. तारेचा आकार भारानुसार कसा ठरवावा, भूसंपर्कनाचा रोध कसा मोजावा, न्यूट्रलवर फ्यूज का घालू नये, या गोष्टी हाताला ठाऊक असतात, पण कागदावर मांडताना घाम फुटतो. तारजोडणीसाठी आयएस ७३२ आणि भूसंपर्कनासाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानके मूलभूत मानली जातात. एक उदाहरण घेऊ. घरातील तारजोडणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक जिवंत तार आणि भूसंपर्क यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा एकदिश दाब एक मिनिट देऊन विद्युतरोधन मोजायचे असते आणि ते किमान एक मेगाओम भरावे लागते. ज्या यंत्राने हे मोजतात, त्याला सारे ‘मेगर’ म्हणतात. वाचकांनी आपल्या घरी गेल्या वेळी तारजोडणी बदलली, तेव्हा कोणी मेगर लावला होता का, हे आठवून पाहावे. चाचणी अहवालात तो आकडा बहुधा असेलच. तो मोजला होता की नुसता लिहिला होता, हा प्रश्न निराळा.

ठेकेदारीचा परवाना मिळाला की व्यवसायाचे अर्थकारणच बदलते. नवी वीजजोडणी, वाढीव भार, सोसायट्यांची, दुकानांची, कारखान्यांची कामे या सर्वांसाठी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागितला जातो. त्यासाठी ठेकेदाराला पर्यवेक्षक व तारतंत्री नेमावे लागतात, मेगर व भूसंपर्कन मोजण्याचे यंत्र बाळगावे लागते. ही गुंतवणूक अवाढव्य नाही. एखाद्या वायरमनने पर्यवेक्षकाशी भागी करून स्वतःची छोटी संस्था काढणे सहज शक्य आहे. प्रत्यक्षात मात्र परवाने एकीकडे साठतात आणि कौशल्य दुसरीकडे, आणि मधल्या दरीत ‘सहीचा दर’ नावाचा एक अलिखित बाजार उभा राहतो. अपघात झाला तर या बाजाराची किंमत कोण मोजतो, ते सांगायला नकोच. कागदोपत्री ती मांडणी सक्षम माणसाच्या देखरेखीखाली झालेली असते.

उद्वाहनांच्या, म्हणजे लिफ्टच्या, कामालाही राज्यात स्वतंत्र कायदा आहे. १९३९ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा अधिनियम २०१७ साली संमत झाला आणि त्यात सरकते जिनेही आले. उंच इमारती वाढत चाललेल्या मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात लिफ्टची उभारणी व देखभाल करणारा कारागीर सहसा रिकामा बसत नाही. आयटीआयमध्ये या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे. नळकामाचे परवाने महापालिकांच्या पातळीवर दिले जातात. मुंबईत तर परवानाधारक प्लंबरची तरतूद १८८८ च्या महापालिका कायद्यातच आहे.

हाताची परीक्षा

वेल्डिंगमध्ये मामला आणखी रोचक होतो. येथे आयटीआयचे प्रमाणपत्र दारापर्यंत नेते. आत जायचे तर प्रत्येक वेळी हात दाखवावा लागतो. तेलशुद्धीकरण, रसायने, जहाजबांधणी, वीजप्रकल्प अशा ठिकाणी कामावर घेण्यापूर्वी वेल्डरची चाचणी होते. त्यातील सर्वात नावाजलेली कसोटी म्हणजे ‘सिक्स-जी’. हिच्यात नळी ४५ अंशांत तिरकी आणि पक्की बसविलेली असते. ती फिरवता येत नाही. फिरायचे ते वेल्डरने. वरून, खालून, कडेने, सर्व अंगांनी जोड द्यायचा आणि तोही आतून एकसारखा. मग तो जोड कापून वाकवून पाहतात किंवा क्ष-किरणांनी तपासतात. बारीकशी फट दिसली तरी उमेदवार नापास. अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेनुसार, म्हणजे एएसएमईच्या नवव्या विभागानुसार, वेल्डरने एखाद्या पद्धतीने सहा महिने वेल्डिंगच केले नाही, तर त्या पद्धतीपुरती त्याची पात्रता संपते. पदवीधरांच्या जगात असा नियम लावला तर किती जण उरतील, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

बाष्पक म्हणजे बॉयलर आणि त्याच्या वाफेच्या नळ्या यांवर काम करायचे असेल, तर भारतीय बाष्पक विनियम १९५० (आयबीआर) यांनुसार वेगळी चाचणी द्यावी लागते आणि राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडून प्रमाणपत्र मिळवावे लागते. १९२३ चा मूळ बॉयलर कायदा जाऊन २०२५ साली नवा कायदा आला, तरी पात्र वेल्डरचे महत्त्व कमी झालेले नाही. औषधनिर्मिती, साखर, वस्त्रोद्योग आणि रसायने हे सारेच उद्योग बॉयलरवर चालतात आणि महाराष्ट्रात ते सर्व आहेत. आयबीआर प्रमाणपत्र असलेल्या वेल्डरचा रोज साध्या वेल्डरपेक्षा बराच जास्त असतो, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीत विचारले तरी कळेल. डोळे आणि फुप्फुसे मात्र सांभाळावी लागतात. योग्य काच, मुखवटा आणि धूर ओढणारी व्यवस्था नसलेल्या ठिकाणी जादा पैशांसाठी काम पत्करणे तरुणपणी परवडते, चाळिशीनंतर नाही.

संधी कोठे आहेत?

सरकारी क्षेत्रात वीजतंत्री व तारतंत्री यांची मोठी भरती महावितरणमध्ये होते. २०२३ अखेरच्या जाहिरातीत विद्युत सहाय्यकाची ५,३४७ पदे होती. सुरुवातीचा काळ ठोक मानधनावर काढावा लागतो आणि नंतर तंत्रज्ञ म्हणून सामावून घेतले जाते. अशी भरती वर्षानुवर्षे होत नाही आणि झाली की अर्जांचा महापूर येतो, म्हणून केवळ तिच्याच भरवशावर राहू नये.

सौर ऊर्जेचे क्षेत्र त्या मानाने खुले आहे. छतावरील सौर संचांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने एक कोटी घरांचे लक्ष्य ठेवून ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. हे संच बसविणारी आणि मुख्य म्हणजे पुढे त्यांची देखभाल करणारी माणसे लागणारच. वीजतंत्रीने सुमारे सहाशे तासांचा ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम जोडला तर फायदा होतो. येथील प्रवाह एकदिश असतो आणि ऊन असेपर्यंत पटले वीज देतच राहतात. जोड सैल राहिला तर ठिणगी सहजी विझत नाही. घरगुती तारजोडणीची सवय असलेल्या हातांना हे वेगळे शिकावेच लागते.

ज्यांना पुढे शिकायचे आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे. दहावीनंतर दोन वर्षांचे आयटीआय केलेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविकेमुळे पर्यवेक्षकपदाचा मार्ग खुला होतो. शिकविण्याची आवड असल्यास एक वर्षाचा निदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे; मुंबईत चुनाभट्टी येथील राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत तो चालतो.

आखातात जाऊ इच्छिणाऱ्यांनी दलालापासून सावध राहावे, हे सांगून आता गुळगुळीत झाले आहे. तरी दोन गोष्टी नोंदवतो. दहावी उत्तीर्ण असणाऱ्याला सहसा उत्प्रवासन परवानगीच्या शेऱ्याविना पासपोर्ट मिळतो, नसणाऱ्याला ती परवानगी घ्यावी लागते. दुसरे, नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क नियमाने कमाल तीस हजार रुपये, अधिक कर, एवढेच आहे. लाखाची भाषा करणारा माणूस नियमाबाहेर बोलतो आहे, हे ओळखावे. सौदी अरेबियाने तर वीजतंत्री, प्लंबर, वेल्डर यांच्यासाठी व्हिसापूर्वीच भारतात कौशल्य पडताळणी सुरू केली आहे. म्हणजे तेथेही पुन्हा तिसरा कागद आलाच.

अनुभवाचा दाखला

आमच्या त्या वायरमनना मी नंतर परवान्याच्या परीक्षेचा अर्ज आणून दिला. अभ्यासाची त्यांना भीती नव्हती. अडले ते अनुभवाच्या दाखल्यावर. सोळा वर्षांत चार ठेकेदारांकडे काम केले. एकाचेही हजेरीपट, पगारचिठ्ठी किंवा भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक त्यांच्याजवळ नव्हता. दाखला द्यायचा म्हणजे हा माणूस आपल्याकडे कामाला होता हे कबूल करायचे, आणि तसे केले तर मागील देण्यांचा प्रश्न निघतो. म्हणून ठेकेदार तोंडाने कौतुक करतात आणि कागदावर गप्प बसतात. दोन वर्षे एका नोंदणीकृत संस्थेत नीट नोकरी करून त्यांनी तो दाखला मिळविला, पण त्यासाठी रोजच्या कमाईत तूट सोसावी लागली.

त्यामुळे नव्याने या व्यवसायात उतरणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून काही कागद जपावेत: नेमणुकीचे पत्र, पगार बँकेत जमा झाल्याची नोंद, भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक, कर्मचारी राज्य विमा पत्र, शिकाऊ उमेदवारीचा करार आणि काम सोडताना त्याच आठवड्यात घेतलेला अनुभवाचा दाखला. दाखल्यावर ठेकेदाराचा परवाना क्रमांक असेल, असे पाहावे.

आयटीआय प्रवेश व शिकाऊ उमेदवारीच्या माहितीसाठी जवळच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अथवा राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे, वीजकामाच्या परवान्यांसाठी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात आणि आयबीआर वेल्डर चाचणीसाठी बाष्पके संचालनालयाच्या कार्यालयात चौकशी करावी. दहावीच्या निकालानंतर आयटीआयचे प्रवेश लवकरच सुरू होतात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांची तयारी त्यापूर्वीच करून ठेवावी.